आंबीलटेकावरचा पांढरा ओघळ

समोर शेंड्यावर जाखाईचं देऊळ आणि तिथून पायथ्यापर्यंत पांढरा ओघळ उतरलेली जी टेकडी दिसते, ती आंबीलटेक. तिची गोष्ट शब्दन् शब्द खरी आहे. या जाखाईच्या पहिल्या पायरीवर हात ठेवून सांगतो. माझ्या आजोबांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे आजोबा तेव्हा जन्मायचे होते, पण त्यांनी ज्याच्याकडून ऐकली त्याची नजर चांगली होती.

असे सांगतात की, इंग्रजी अमलात आमच्या गावी हरमन नावाचा एक जर्मन साहेब आला. त्याला ना शिकार हवी होती, ना जमीन. वही घेऊन दारोदार गोष्टी मागत फिरायचा. त्याच्या मुलखात म्हणे गोष्टी गोळा करणाऱ्यांना मोठा मान. पण आमच्या बायका फुकट गोष्ट देईनात. आधी तुझी सांग, मग आमची घे, म्हणाल्या. तेव्हा त्याने सांगितली ती अशी. एका गरीब मुलीकडे जादूचं मडकं असतं. ‘शिजव’ म्हटलं की ते लापशी शिजवतं. एकदा मुलगी बाहेर गेलेली असताना आई मडक्याला शिजवायला सांगते, पण थांबवायचा शब्द तिला ठाऊक नसतो. लापशी घरातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून साऱ्या गावात पसरते. शेवटी मुलगी येते आणि मडक्याला थांबवते.

मागे ठमाई बसली होती, वेशीकडच्या शेवटच्या घरातली. तिने विचारलं, “एवढं उतू गेलं, पण शेवटच्या घरातल्यांच्या पोटात गेलं का?”

साहेबाने वही चाळली. त्यात ते नव्हतं.

ठमाईच्या विचारण्याला कारण होतं. जाखाईच्या जत्रेला आंबिलीची पंगत देवळापासून उतारावर बसायची. वर पाटील, पायथ्याला वेशीकडची माणसं. ओगराळं, म्हणजे वाढायचा मोठा डाव, पाटलांच्या हाती. वाढप वरून सुरू व्हायचं आणि पंगतीच्या शेपटापर्यंत येईतो काहिलीचा, त्या भल्या मोठ्या कढईचा, तळ दिसायचा. तीन जत्रा ठमाईची लेक कोरडा द्रोण घेऊन घरी गेली होती.

त्या वर्षी काहील चढली आणि आंबील उतू जाऊ लागली. लाकडं ओढली, विस्तवावर पाणी ओतलं, तरी ती थांबेना. पायऱ्या ओलांडून टेकडी उतरू लागली. पायथ्याला पोचली खरी, पण धुळीतून. ती कोण पिणार? तिथून तिने गावाची वाट धरली.

ठमाई त्या चिखलातून वर चढली. थांबवायचा शब्द मला ठाऊक आहे, म्हणाली. पण आधी पंगत शेपटाकडून वाढा.

रंभाजी पाटील म्हणाले, “जाखाईच्या पंगतीला पाटलाआधी कोणी जेवलेलं नाही, ठमे.”

“मग शिरू दे तुमच्या वाड्यात. निघालीच आहे तिकडं.”

पाटलांनी एकदा खाली घराकडे पाहिलं. मग ओगराळं भरून घेतलं, साऱ्या गावादेखत टेकडी उतरले आणि ठमाईच्या लेकीचा द्रोण काठोकाठ भरला. तेव्हा ठमाई काहिलीकडे वळून म्हणाली, “पुरे, बाई.”

काहील निवली. हलगी अशी वाजली म्हणे, की पलीकडच्या तीन गावांनी आपापली कामं टाकली.

पुढल्या वर्षी साहेब परत आला. बायकांनी त्याला हीच गोष्ट सांगितली. त्याला आपलं मडकं काही ओळखू आलं नाही. ‘इथली अस्सल जुनी गोष्ट’ म्हणून त्याने ती आनंदाने उतरवून घेतली.

आजही जत्रेची पंगत शेपटाकडून वाढतात. ओगराळं शेवटच्या घरातल्या बाईच्या हाती असतं, पाटील सर्वांत शेवटी जेवतो, आणि ‘पुरे, बाई’ म्हटल्याशिवाय काहील उतरत नाही.

आता पायरीवर हात आहे म्हणून कबूल करतो. आंबील उतू गेलीच नव्हती. तो ओघळ चुनखडीचा आहे. ठमाईने भर पंगतीत पाटलांच्या हातातलं ओगराळं काढून घेतलं आणि ती सरळ पायथ्याकडे चालू लागली. शेपटाची सगळी माणसं उठून उभी राहिली. अडवायला कोणी धजलं नाही. घडलं ते एवढंच.

उतू जाणं मागाहून, साहेब परत यायच्या आत, त्याच्याच मडक्यातून उचलून आमच्या घराने घातलं. बाईपुढे हरलो म्हणण्यापेक्षा जादूपुढे हरलो म्हणायला बरं वाटतं. मी रंभाजींचा पणतू. चला, पंगत बसतेय. तुम्ही पुढे व्हा, माझा नंबर शेवटी आहे.