डाव्या टर्बोचा नट

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला वेगाचं वेड होतं. वर्षातून एक दिवस घाटाचा रस्ता बंद ठेवून तिथं मोटारींची शर्यत लागे. पायथ्यापासून खिंडीपर्यंत जो सगळ्यांत लवकर पोचेल त्याला मानाचा फेटा मिळे. फेट्याचं कापड काही फार भारी नसे, पण तो एकदा डोक्यावर चढला की माणूस वर्षभर जरा ताठच चाले.

या गावात चंपाआक्काचं गॅरेज होतं. आक्कानं उमेदीची वर्षं ट्रक चालवण्यात घालवली होती आणि घाटाचं प्रत्येक वळण तिच्या अंगवळणी पडलं होतं. तरी शर्यतीत तिची जुनी मोटार दरवर्षी मागे राही. लोक नव्याकोऱ्या गाड्या घेऊन येत, त्यांच्यापुढं ही बिचारी काय टिकणार? शेवटी एके वर्षी आक्कानं मनाशी ठरवलं की विकत घेता येत नाही तर घडवू. भंगारबाजार पालथा घालून तिनं ट्रकचे दोन टर्बो मिळवले, अगदी जुळ्या भावांसारखे. ते मोटारीला बसवायचं काम तिनं आपल्या दोन मिस्त्र्यांवर सोपवलं.

टर्बो ही गमतीची वस्तू आहे. इंजिनाचा धूर एरवी वाया जातो, टर्बो त्या धुरालाच कामाला जुंपतो. धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. जास्त हवेनं जाळ जास्त होतो, आणि गाडी जास्त पळते. आक्काच्या मोटारीचे तीन सिलिंडर डावीकडं होते, तीन उजवीकडं. म्हणून एक टर्बो डावा आणि एक उजवा. हवा मात्र दोघांनी मधल्या एकाच डब्यात फुंकायची होती.

डावी बाजू रायगोंडानं घडवायची होती, उजवी दस्तगीरनं.

रायगोंडाचा हात झपाट्याचा होता. नुसता आवाज ऐकून तो इंजिनाचं दुखणं सांगे. मनानंही तो चांगला होता, फक्त त्याला कौतुकाची भूक फार. दिवसाकाठी कुणी पाठ थोपटली नाही तर त्याला जेवण गोड लागत नसे. दस्तगीर धिम्या चालीचा. दुसऱ्यांचे तीन पाइप होईपर्यंत याचा एक होई, पण वेल्डिंगचा जोड असा घाली की गोधडीच्या टाक्यांसारखी ओळ दिसावी. दोघांची दोस्ती जुनी होती. दुपारी दोघे एकमेकांच्या डब्यात हात घालून जेवत.

काम झालं. आक्कानं मोटार घाटात एक चक्कर मारून आणली आणि खाली उतरून उजव्या पाइपावर कौतुकानं हात फिरवला.

"दस्तगीर, जोड घालावा तर असा. बघतच बसावं वाटतंय."

एवढं बोलून ती चहाला गेली. डाव्या बाजूबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. तिच्या मनात काही वावगं नव्हतं, तिला फक्त चहाची तल्लफ आली होती. पण रायगोंडाच्या काळजात ते कुसळासारखं रुतलं. सगळ्या गावात ज्याच्या हाताचं नाव, त्याच्या कामाकडं मालकिणीनं बघूही नये?

प्रत्येक टर्बोला एक झडप असते. हवेचा दाब ठरल्यापेक्षा वाढला की ती उघडते आणि चक्राला आवर घालते. झडप कधी उघडायची, ते तिच्या दांडीवरचा एक लहानसा नट ठरवतो. दोन टर्बो एका डब्यात फुंकत असतील तर दोन्हीकडचे नट सारखेच हवेत, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी दस्तगीर हात धुवायला गेला तेव्हा रायगोंडानं पाना घेतला आणि डाव्या बाजूचा नट थोडा आवळला. आता डावा टर्बो उशिरा आवरणार होता, म्हणजे जास्त जोरानं फुंकणार होता. त्यानं स्वतःला समजावलं, की यात वाईट ते काय? हवा जास्त गेली तर गाडीच पळेल, आणि गाडी पळाली तर नाव आक्काचंच होईल. मनाची बाजू मांडायला वकील शोधावा लागत नाही, ते स्वतःच वकील असतं.

त्या दिवशी मोटार सपाटीला खरंच जोरात सुटली. पण घाट लागला, इंजिनावर ताण आला, आणि उजवीकडून कबुतरं उडाल्यासारखी फडफड ऐकू येऊ लागली.

झालं होतं ते असं. डाव्या टर्बोनं मधला डबा आपल्याच हवेनं भरून टाकला होता. उजव्यानं आणलेल्या हवेला आत जागाच उरली नव्हती, म्हणून ती दारातूनच माघारी फिरत होती आणि उजव्याचं चक्र गटांगळ्या खात होतं. पण आवाज उजवीकडून येत होता, म्हणून सगळ्यांच्या माना उजवीकडं वळल्या. दांडगाई करणारा डावा गुपचूप होता.

रायगोंडाला खरं कारण लगेच कळलं. तो बोलणारही होता. पण तेवढ्यात दस्तगीरच म्हणाला, "माझ्याकडंच काहीतरी ऱ्हायलंय. बघतो मी." खरं बोलण्याचा एक क्षण असतो, तो हुकला की पुढचा सापडणं अवघड होऊन बसतं. रायगोंडा गप्प बसला.

दस्तगीरनं उजवी बाजू पूर्ण उतरवली, तपासली, परत चढवली. फडफड काही जाईना. त्यानं चांगले जोड कापून नवे घातले, तरी जाईना. घाटाच्या तोंडाला भरमूची चहाची टपरी होती. मोटार चढावर गेली की आवाज टपरीवर पोचे. तिथल्या मंडळींना दुसरा उद्योग नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला! त्यांनी दस्तगीरचं नाव 'फडफड्या मिस्त्री' ठेवून दिलं. एका शेतकऱ्यानं आपला ट्रॅक्टर दस्तगीरकडं जोडकामाला सोडला होता, तो त्यानं गुपचूप येऊन परत नेला.

हळूहळू दस्तगीरच्या हाताला कंप सुटला. टाक्यांसारखी ओळ वाकडी जाऊ लागली. दुपारी तो डबा उघडीना. आणि एक दिवस तो आक्कासमोर जाऊन उभा राहिला.

"आक्का, माझा हात बिघडलाय. मेव्हण्याच्या दुकानात पंक्चर काढत बसंन, पण आता जोडकाम नको."

आक्कानं त्याला परोपरीनं समजावलं, पण त्याचं मन उठलं होतं. शर्यत तोंडावर आलेली. शेवटी तिनं रायगोंडाला सांगितलं, "आता दोन्ही बाजू तूच बघ बाबा."

रायगोंडाला हवं होतं ते आयतं हातात पडलं. आता फक्त डावा नट होता तेवढा सैल करायचा, की फडफड बंद. कुणाला काही विचारायचं कारण नाही, कुणाला काही कळायचं कारण नाही. त्यानं तेच केलं. नट सैल करताना त्यानं उजव्या टर्बोचा दांडा बोटानं हलवून पाहिला. इतके दिवस हिसके खाऊन तो लुळा झाला होता. नीट चालवला तर एक शर्यत निभावेल, पण पुन्हा मार बसला तर टिकणार नाही, हे त्यानं ओळखलं.

मोटार घाट चढून आली. आवाज एकसंध, फडफडीचा मागमूस नाही. टपरीवरची मंडळी उठून गॅरेजपर्यंत आली. जो तो रायगोंडाची पाठ थोपटू लागला. जन्मभर ज्याची भूक होती ते ताट वाढून समोर आलं होतं, आणि एक घास गळ्याखाली उतरत नव्हता.

गर्दी पांगल्यावर दस्तगीर जवळ आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता की हेवा नव्हता.

"बरं झालं बाबा, तुझ्या हातनं झालं. फकस्त माझं काय चुकत हुतं तेवढं सांग. काम सोडायच्या आधी कळू दे."

रायगोंडानं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. कुठला तरी जोड ढिला होता, कुठला तरी पाइप आखूड होता, काहीही. दस्तगीरनं ते खरं मानलं असतं आणि नसलेली चूक जन्मभर उराशी घेऊन पंक्चरं काढली असती. रायगोंडानं त्याच्या थरथरत्या हाताकडं पाहिलं, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"तुझं कायसुदिक चुकलं न्हवतं," तो म्हणाला. "डावा नट मी आवळला हुता. आक्कानं तुझं कौतुक केलं, ते मला सोसलं न्हाई."

आक्का दारातच उभी होती. तिनंही ऐकलं. दस्तगीरनं आपले दोन्ही तळवे समोर धरले आणि उलटेसुलटे करून पाहिले.

"म्हंजे माझा हात चांगला हाय," तो म्हणाला.

त्यानं शिव्या दिल्या असत्या, तो अंगावर धावून आला असता, तर रायगोंडाला सोपं गेलं असतं. या एवढ्याशा वाक्यानं त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आपण मित्राचं काय हिरावून घेतलं होतं, ते त्याला तेव्हा समजलं.

आक्कानं आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "हितं रडून काय उपेग? ह्याचं नाव टपरीवर गेलंय. तिथं जाऊन सांग."

रायगोंडा गेला. भरलेल्या टपरीवर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. मंडळींनी ऐकून घेतलं आणि मग ती एकमेकांकडं बघून हसली. भरमू म्हणाला, "दोस्ताला झाकायला सोतावर घेतोस व्हय? मन मोठं हाय तुझं." आणि त्यानं दुधाचा चहा पुढं केला, फुकट. कबुली द्यायला गेलेला माणूस कौतुक घेऊन परत आला. चांगलं नाव असलेल्या माणसाचा दोष लोकांना दाखवूनही दिसत नाही, आणि एकदा नाव गेलेल्याचा गुण पटत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

तो तडक आक्काकडं आला. "तोंडानं सांगून कुणी मानंना. त्यांच्या म्होरं नट आवळून दाखवायला पायजे. पण उजव्याचा दांडा आधीच लुळा पडलाय. परत मार बसला तर जाईल, आणि संगट शर्यत बी."

आक्कानं घाटाकडं पाहिलं. रस्त्याच्या कडेनं शर्यतीची निशाणं लावायला सुरुवात झाली होती. किती वर्षं ती या एका दिवसासाठी झुरली होती. दस्तगीरच मध्ये पडला. "ऱ्हाऊ दे आक्का. माझं मला कळलं, बास झालं."

"तुला कळलं. गावाला कुठं कळलंय?" आक्का म्हणाली. मग रायगोंडाकडं वळून, "जाईल तर जाईल. काढ गाडी."

मोटार टपरीसमोर उभी राहिली. आक्कानं भरमूलाच शेजारी बसवलं आणि पहिलं वळण चढून आली. आवाज स्वच्छ होता. मग रायगोंडानं बॉनेट उघडलं, सगळ्यांना जवळ बोलावून डाव्या बाजूचा नट दाखवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आवळला. उजव्या बाजूला त्यानं बोटही लावलं नाही. आक्का पुन्हा चढावर निघाली. मंडळी कान टवकारून उभी होती. आधी फडफड ऐकू आली, मग धातूवर धातू घासल्यासारखा एक कर्कश आवाज आला, आणि वळणावरून निळा धूर निघाला. दांडा तुटला होता. आक्का मोटार उतारावरून नुसती घरंगळत खाली घेऊन आली.

मंडळी धावत मोटारीपाशी आली. मग भरमूनं रायगोंडाकडं असं काही पाहिलं, की रायगोंडानं मान खाली घातली. कुणीतरी त्याला चार कडक शब्द सुनावले, ते त्यानं मुकाट ऐकून घेतले. नंतर भरमू दस्तगीरपाशी गेला आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "चुकलं आमचं. आवाज ऐकला आणि नाव ठेवलं." ट्रॅक्टरवाला मान खाजवत म्हणाला, की उद्या परत आणून सोडतो.

शर्यतीच्या दिवशी सगळं गाव घाटात जमलं होतं. गाड्यांचा घुमारा गॅरेजपर्यंत येत होता. आक्का वर जाऊन, जिंकणाऱ्याला शाबासकी देऊन आली, पण थोडी हळहळलीच. खोटं कशाला सांगा, तिला वाईट वाटलंच होतं.

गॅरेजमध्ये ट्रॅक्टरचं जोडकाम चाललं होतं. रायगोंडानं दोन तुकडे दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले होते. दस्तगीरनं तोंडावर काच धरली आणि ठिणगी पाडली. तो अजून रायगोंडाशी फारसा बोलत नव्हता, त्याला वेळ लागणार होता. पण जोडाची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. हात कुठंही हलला नाही.

तात्पर्य: कण्हण्याचा आवाज जिकडून येतो, दोष तिकडचाच असतो असं नाही. आणि आपल्यामुळं दुसऱ्याचं नाव गेलं असेल, तर बिघाड गुपचूप दुरुस्त करून भागत नाही. जिथं ते नाव गेलं तिथं जाऊन, पडेल ती किंमत देऊन, ते परत आणावं लागतं.