रुग्ण क्षची तहान

“पण मी बरोबर होतो ना, बाबा?”

 चिंचेखालच्या माठातून वाटीभर पाणी काढून दस्तगीरबाबांनी पेंढरकर सरांपुढे ठेवलं. आल्यागेल्यानं आधी पाणी प्यायचं, मग बोलायचं, ही या फकिराच्या दारची रीत. सरांनी वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

अच्युत पेंढरकर नीतिशास्त्राचे प्राध्यापक. आजारी माणसाला काय द्यावं, काय नाकारावं, यावर त्यांनी हयात घातली. युक्तिवादात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. असा माणूस फकिराच्या दारी बसलेला पाहून त्यांचे विद्यार्थी हसलेच असते.

सरांनी पिशवीतून आपला निबंध काढला.

“ऐका. रुग्ण क्ष, वय एकसष्ट. गिळण्याची शक्ती गेलेली. पाणी फुप्फुसात उतरण्याचा धोका. रुग्ण वारंवार पाणी मागते...”

“कोण ही बाई?”

“नाव छापत नाहीत, बाबा. तसा नियम आहे.”

“मी कुठं छापतोय?”

सरांनी निबंध मांडीवर ठेवला.

“कुमुद,” शेवटी ते म्हणाले. “माझी बायको.”

ती गेल्यापासूनच्या वर्षभरात हे नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. तिची आठवण अशी दाटून आली की त्यांना पुढची ओळ दिसेना.

“मग काय केलंस?”

“डॉक्टरांशी वाद घातला. खोलीच्या दारात उभं राहून. तिची इच्छा मोठी, की तिचा जीव... दोन तास. शेवटी माझ्याच म्हणण्यानं ठरलं, पाणी द्यायचं नाही.”

“बराबर ठरलं. ठसका लागून गेली असती.”

“मग मला चैन का नाही? अजून तिचा आवाज येतो. ‘अहो, थोडंसं...’ तो आवाज जावा असंही वाटत नाही.”

“त्या दोन तासात तिच्यापाशी कोण हुतं?”

सरांनी कागद चाळले. कागदांत ते नव्हतं.

बाबांनी खांद्यावरच्या रुमालाचं टोक वाटीत बुडवलं, पिळलं, आणि सरांच्या कोरड्या ओठांवरून हळूच फिरवलं. घशात थेंबही गेला नाही.

सरांनी डोळे मिटले. निबंध मांडीवरून घसरून मातीत पडला. त्यांनी बाबांचं मनगट धरून ठेवलं.

“अजून एकदा, बाबा...”

बाबांनी टोक पुन्हा बुडवलं.

“तीबी एवढंच म्हणाली असती, मास्तर.”