दिवेखारची पदूबाय

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, बाबांनो. खाडीवर तेव्हा पूल नव्हता आणि दिवेखार गावात मिठाशिवाय दुसरं काही पिकत नव्हतं. खाडीच्या काठाने मातीचा एक लांबच लांब बांध होता. बांधाच्या पलीकडे समुद्राचं पाणी, अलीकडे मिठागरं. बांध राहिला तर गाव राहील, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं.

पण गावात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची, आणि त्यांचं आपसात वैर होतं. भांडण कशावरून झालं ते कोणालाच धड सांगता येत नसे, पण वैर मात्र सगळ्यांना तोंडपाठ होतं. वरची आळी बांधाचा आपला अर्धा भाग राखायची, खालची आळी आपला. मधे जिथे दोन्ही भाग मिळायचे तो सांधा मात्र कोणाचाच नव्हता. तिथे चिखलाची एक पाटीसुद्धा कोणी टाकत नसे.

अशा गावात पदूबाय लग्न होऊन आली. माहेर तिचं डोंगराच्या पायथ्याचं, गोड्या पाण्याचं. नवरा हाशा वरच्या आळीतला. सासरा पोशा, म्हणजे त्या आळीचा पुढारीच. त्याचा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती.

हाशा कामाला वाघ होता, पण घरी आला की तोंड मिटायचा. जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून निजायचा. पदूबायला वाटायचं, माझंच काही चुकत असेल. एकदा संध्याकाळी तो उंबऱ्यावर बसला असताना तिची नजर त्याच्या पायांवर गेली. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून तळवे चिरले होते, आणि एकेका भेगेत मीठ बसलं होतं.

"दुखतात?" तिने विचारलं.

"आगरातल्या माणसाचे पाय असेच असतात," तो म्हणाला.

तिने गोड्या पाण्याने त्याचे पाय धुतले, माहेराहून आणलेलं करंजाचं तेल कोमट केलं आणि भेगाभेगांतून बोट फिरवत राहिली. हाशा आधी अवघडला, मग डोळे मिटून बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तुझ्या माहेरी पाऊस कुठून येतो गो? डोंगरावरून?"

लग्न झाल्यापासून त्याने तिला विचारलेला तो पहिला प्रश्न, असं म्हणतात. त्यानंतर मात्र त्या घरात बोलणं सुरू झालं, हसणं सुरू झालं.

पदूबायच्या मनात आलं, पाय तर सगळ्यांचेच फाटलेत. दुसऱ्या दिवशी काम सुटायच्या वेळेला ती तेलाचं गाडगं आणि पाण्याची घागर घेऊन बांधावर जाऊन बसली. बायाबापड्या आधी लाजल्या. मग एकीने पाय पुढे केला, मग दुसरीने. पुरुषांना ती एका पानावर तेल काढून द्यायची. म्हणायची, "नुसतं फासू नका, भेगेत भरा."

थोडे दिवस असे गेले. एकदा तिने पाहिलं, खालच्या आळीचा म्हातारा चाहू बांधाच्या त्या टोकाला बसलाय. हा चाहू म्हणजे खालच्या आळीचा पुढारी, पोशाचा हाडवैरी. त्याच्या टाचेतून रक्त गळत होतं आणि त्याला उठवत नव्हतं. त्याची माणसं पुढे निघून गेली होती. पदूबाय उठली, गाडगं घेतलं आणि सांधा ओलांडून पलीकडे गेली. वरच्या आळीची माणसं बघतच राहिली.

"मी कोण आहे ठाऊक आहे का तुला?" चाहूने विचारलं.

"ठाऊक आहे, बाबा. पाय इकडे करा," ती म्हणाली.

घरी ही बातमी तिच्या आधी पोचली होती. पोशा दारातच उभा होता. "माझ्या घरचं तेल वैऱ्याच्या पायाला लावतेस?"

"मामंजी," ती खाली मान घालून म्हणाली, "भेगेला आळी नसते."

पोशाने तेलाचं मडकं उचललं आणि आतल्या खोलीत ठेवून दिलं. त्या दिवशी ती उपाशीच निजली. हाशालाही घास गेला नाही, पण बापासमोर बोलायची त्याची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातांनी बांधावर गेली, तर तिच्या बसायच्या जागेवर करंजाच्या शेंगांचा ढीग पडलेला. कोणी ठेवला, कोणी बोललं नाही. दिवेखारच्या आसपास तेव्हा करंजाचं एकही झाड नव्हतं. काही म्हणतात, चाहूच्या लेकी पलीकडच्या काठावरून होडी घालून घेऊन आल्या. काही म्हणतात, बगळ्यांनी चोचीतून आणून टाकल्या. तेल निघालं एवढं खरं. तेव्हापासून ते गाडगं कधी रिकामं झालं नाही, असं म्हणतात.

मग एक गंमत झाली. तेलासाठी दोन्ही आळ्यांची माणसं एका बांधावर बसायला लागली. पायाला तेल लागलं की माणूस लगेच उठत नाही, थोडा टेकतो. टेकला की बोलतो. कोणाची म्हैस व्याली, कोणाचं पोर तापाने फणफणलंय, हे या आळीचं त्या आळीला कळायला लागलं. एकदा अवचित पावसाचं सावट आलं, तेव्हा वरच्या आळीच्या बायांनी खालच्या आळीच्या मिठावर माडाच्या पात्यांची विणलेली झापं टाकली. पुढच्या वेळी खालच्यांनी वरच्यांचं मीठ राखलं. दुखरे पाय बरे झाले तसं कामही झपझप उरकू लागलं. त्या वर्षी दिवेखारच्या राशी इतक्या पांढऱ्या झाल्या की दूरच्या गलबतांना त्या किनाऱ्यावर उतरलेल्या ढगांसारख्या दिसायच्या, असं म्हणतात.

फक्त दोन म्हातारे बदलले नाहीत. पोशा बांधावर फिरकत नसे. चाहू तेल लावून घ्यायचा, पण पोशाचं नाव निघालं की थुंकायचा. आणि सांधा तसाच राहिला, दिवसेंदिवस खचत.

आगोटीचे, पाऊस तोंडावर आल्याचे दिवस आले. मीठ राशींना लागलं होतं, वर्षाची सगळी मेहनत उघड्यावर होती. अमावास्येचं उधाण होतं आणि त्यातच वारा सुटला. भर दुपारी खाडी काळी पडली. पदूबाय बांधावरच होती. तिच्या डोळ्यांसमोर सांध्याची माती सरकली आणि पाण्याने बांधात वाट पाडली, खांड पडली. हाकाटी झाली. वरच्या आळीची माणसं एका बाजूने धावत आली, खालच्या आळीची दुसऱ्या बाजूने, आणि मधे पाणी घुसायला लागलं.

"ही खांड तुमच्या बाजूची!" चाहू ओरडला.

"तुमच्या! तुम्हीच माती ओढलीत!" पोशा ओरडला.

पुढाऱ्यांनी हुकूम दिल्याशिवाय कोणी पाटी उचलेना. आणि पाणी काही कोणाच्या हुकमाची वाट बघत नव्हतं.

पदूबायने पदर कमरेला खोचला, गाडगं उराशी धरलं आणि ती खांडीत उतरली. समुद्राकडे तोंड करून मधोमध उभी राहिली. पाणी छातीला लागलं. लाटेमागून लाट तिच्यावर फुटत होती. तिने गाडग्यातलं तेल पाण्यावर ओतलं आणि म्हणाली, "ये बाबा. तूही रोज या खारातून चालतोस. तुझेही पाय फाटले असतील. ये, जरा टेक."

तेल पसरलं तिथवर लाट मोडली. कोणी म्हणतात, हातभर. कोणी म्हणतात, अख्खी खाडी आरशासारखी झाली. पाणी चढायचं थांबलं आणि पदूबायच्या गळ्याशी येऊन नुसतं डुलत राहिलं, असं म्हणतात.

हाशाने बापाकडे पाहिलं नाही. त्याने उडी टाकली आणि तो बायकोला खांदा लावून उभा राहिला. दुसऱ्या बाजूने कोण उतरलं असेल? चाहू. म्हातारा धडपडत उतरला आणि त्याने तिचा दुसरा हात धरला. मग दोन्हीकडून माणसं कोसळलीच म्हणा. हातात हात अडकवून त्यांनी खांडीत माणसांची भिंत उभी केली, आणि मागून बाया चिखल टाकत राहिल्या. पोशा तेवढा वर उभा होता. मग त्यानेही एक पाटी उचलली. ती त्याने सांध्यावर रिकामी केली. चाहूने खालून पाहिलं आणि पुढची पाटी घ्यायला आपला हात वर केला.

ओहोटी लागली तेव्हा बांध उभा होता.

पदूबायला मात्र बाहेर काढावं लागलं. शिंपल्यांनी तिचे पाय फाडले होते आणि अंगात ताप भरला होता. ती अंथरुणावर पडली असताना पोशा आतल्या खोलीत गेला आणि लपवून ठेवलेलं मडकं घेऊन आला. सुनेच्या पायाशी बसला. तिने पाय ओढून घेतला.

"मामंजी, हे काय? सासऱ्याने असं करू नये."

"सासऱ्याने बरंच काही करायला नको होतं," पोशा म्हणाला. "पाय दे पोरी."

दारात उभ्या असलेल्या हाशाला तेव्हा रडू फुटलं. बाप आणि लेक त्या दिवसापासून एका ताटात जेवू लागले.

पदूबाय पुढे खूप जगली. लेकी, सुना, नातवंडं बघून गेली. ती गेली त्या दिवशी खाडीला भरती आलीच नाही, असं म्हणतात. समुद्र लांब थांबला होता, दारात चपला काढून उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा.

आता मिठागरं थोडी उरली आहेत. पोरं कारखान्यांत जातात, रिक्षा चालवतात, कोणी बोटीवर असतं. पण मिठाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी एका दिवशी सगळं दिवेखार सांध्यावर जमतं. वरच्या आळीचा माणूस खालच्या आळीच्या माणसाच्या पायाला तेल लावतो आणि खालचा वरच्याच्या. ज्यांचं त्या वर्षी भांडण झालं असेल, त्यांची जोडी आधी लावतात.

आणि एक सांगतो. दिवेखारात कोणी कोणाला 'कसं काय, बरं आहे ना?' असं विचारत नाही. गाडीतून उतरलेला परका पाहुणा असो की भांडून आलेला सख्खा भाऊ, त्याला पहिला प्रश्न एकच असतो, "पाय कसे आहेत?" आणि विचारणारा उत्तर मिळेपर्यंत थांबतो.