आई येण्याच्या वेळेचे फूल

जंगलाच्या कडेला, जिथून ओढ्यापलीकडचे गाव दिसू लागते, तिथे एका चिंचेवर एक म्हातारी साळुंकी राहत असे. तिचा एक पंख अधू झाला होता. या फांदीवरून त्या फांदीवर जाण्यापुरता तो चाले, पण ओढा ओलांडणे तिच्याने होत नसे. आणि ओढ्यापलीकडेच तर तिचा जीव अडकला होता. तिथल्या जुन्या बागेत एक विहीर होती, विहिरीच्या भिंतीत एक भोक होते, आणि त्या भोकातल्या घरट्यात ती जन्मली होती. काल काय खाल्ले हे तिला आठवत नसे, पण विहिरीजवळचे एक फुलझाड मात्र डोळ्यांसमोरून हलत नसे. त्याचे नाव तिला ठाऊक नव्हते. पाखरांना नावे कोण सांगणार?

चिंचेच्या ढोलीत एका खारीचे बिऱ्हाड होते. खार दिवसभर दाणापाण्यासाठी हिंडे आणि तिची दोन पिल्ले साळुंकीच्या भरवशावर ढोलीत राहत. दुपार टळली की पिल्लांची रडारड सुरू होई. "आई कधी येणार?" मग साळुंकी सांगे, "आमच्या घरट्यासमोर एक फूल होतं. ते उमललं की आई यायची. मग आम्ही रडायचो नाही, कळीकडे बघत बसायचो." पिल्ले डोळे पुसून म्हणत, "आम्हाला पण पाहिजे ते फूल!" खरे सांगायचे तर साळुंकीलाही ते पाहिजे होते. मरण्यापूर्वी एकदाच.

एके सकाळी एक पोपट बातमी घेऊन आला. "बागेच्या कुंपणापाशी माणसं कोयत्यांना धार लावतायत. उद्या बाग सपाट होणार!" साळुंकी फांदीच्या टोकापर्यंत सरकली. ती म्हणाली, "पोपटराव, माझं एक काम करा. विहिरीजवळचं एक फुलझाड शोधा आणि त्याचं बी आणा."

"बागेतलं पान न् पान मला पाठ आहे," पोपट छाती फुगवून म्हणाला. "खूण सांगा. पान कसं?"

"पानासारखं."

"वा! आणि फूल?"

"ते उमललं की आई यायची."

पोपट खो खो हसला. "आजीबाई, फुलाची खूण सांगा, आईची नको!" असे म्हणून तो उडाला आणि घटकाभरात जास्वंद, कण्हेर, तगर असे चोचीत येईल ते घेऊन आला. साळुंकीने एकेक हुंगले आणि बाजूला सारले. पोपट वैतागला. "विहिरीपाशी एक झुडूप आहे, पण त्याची फुलं मेल्यासारखी लोंबतायत. ते कसलं सुंदर! तुमचं फूल कधीच संपलं, आजीबाई. विसरा आता." साळुंकीने मान पिसांत खुपसली. चार पिसांची म्हातारी ती, त्या दिवशी आणखी लहान दिसू लागली.

खारीला ते पाहवेना. ती जवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आजी, तुमची आई घरी कधी यायची?"

"उन्हं कलली की."

"आणि पोपटराव गेले सकाळी!" खार ताडकन उठली.

ऊन कलायच्या आतच ती विहिरीपाशी जाऊन बसली. गंमत बघायला पोपटही आला. झुडूप सकाळसारखेच मलूल होते. पोपट जांभया देऊ लागला. पण विहिरीवरचे ऊन हलले, सावली लांबली आणि त्या मेल्यासारख्या झुडपावरची एक नवी कळी सैल झाली. मग दुसरी. बघता बघता सारे झुडूप गुलाबी झाले आणि मंद वास सुटला. तुम्ही ओळखलेच असेल, ती गुलबक्षी होती. सकाळी मिटलेली आणि संध्याकाळी हसणारी.

चूक भरून काढायला पोपटाने झुडपावरच्या हिरव्यागार, टपोऱ्या बिया पटापट खुडल्या. हिरवे ते चांगले, अशी पोपटांची ठाम समजूत असते. खार मात्र खाली वाकली. हात लावताच जे आपण होऊन सुटते तेच पिकलेले, एवढे कुठल्याही खारीला कळते. मिऱ्यांसारख्या काळ्या, सुरकुतलेल्या बिया तिने गालांत भरल्या आणि धावत घर गाठले.

दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडे धूर दिसला. साळुंकी दिवसभर तिकडेच बघत होती.

चिंचेखाली दोघांच्याही बिया पुरल्या गेल्या, पोपटाच्या हिरव्या आणि खारीच्या काळ्या. पुरलेले उकरून पाहणे हा तर खारींच्या घराण्याचा धंदा! त्यामुळे पिल्लांपासून बी राखायचे काम साळुंकीकडे आले. ती पिल्लांना दटावे, "उकरू नका रे, त्याला झोपू द्या." पोपटाच्या हिरव्या बिया मातीतच कुजल्या. खारीच्या काळ्या बियांनी माती ढकलली, रुंद पानांची जोडी वर आली आणि पुढे पाने दाटली.

मग एक दिवस ऊन कलताना खालून पिल्ले ओरडली, "आजी, फुललं! आता आई येणार!" साळुंकीने डोळे मिटले. तोच वास होता. विहिरीतला गारवा, भावंडांची ढकलाढकली, दारात अंधारून येणारे आईचे पंख, सारे त्या वासात होते. तिला रडू आले आणि तिने ते लपवले नाही. तेवढ्यात खार धापा टाकत आली, पिल्लांनी तिला घेरले.

वर फांदीवर म्हातारी साळुंकी जराशी बाजूला सरकली. लहानपणी घरट्यात सरकायची तशी, आईला जागा करून द्यायला.

तात्पर्य : ज्याची ओळख पटवायची, त्याच्याकडे त्याच्या वेळेला जावे, आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींना हसू नये, हरवलेल्या गोष्टीची खरी खूण पुष्कळदा त्यांतच असते.