खाडी ओहोटी विसरली तो दिवस

बंदरावर सुलतानाचा अंमलदार, हाकीम, बसायचा आणि आगरखेड्याहून पलीकडे जायला एकच होडी होती, तेव्हाची ही गोष्ट. ती होडी गोमा कोळ्याची. त्याच्या घराची रीत अशी, की होडीत पाय ठेवला तो एकवीरेचा पाहुणा. उतरेपर्यंत त्याला तुझा देव कोणता, हे विचारायचं नाही.

एकदा दूरदेशीचा एक ख्रिस्ती साधू धापा टाकत होडीत चढला. बाजारात त्याचा काजीशी देवावरून वाद झाला होता. साधूही काही गप्प बसणारा नव्हता. हाकिमानं हुकूम सोडला, याची मान उडवा.

होडी मध्यावर पोचली तोवर शिपाई घोड्यांवरून वळसा घालून पलीकडे हजर. आता दोन्ही काठांवर शिपाईच.

“साधूला उतरव!” ते ओरडले.

गोमा म्हणाला, “माजे होरीन हाय तवर तो आईचा पावना. उतरला का मंग धरा.”

आणि त्यानं भर खाडीत नांगर टाकला. काठावर होड्या होत्या, पण वल्ही कुठं गेली ते एकाही कोळ्याला ठाऊक नव्हतं! शिपाई हसले. ओहोटी लागली की खाडीत नुसता चिखल उरतो. ते चालतच येणार होते.

होडीत दाऊद विणकरही होता, पोरीच्या निकाहाला निघालेला. गोमानं त्याच्याकडे पाहिलं.

“काठाला लावू नकोस, गोमा,” दाऊद म्हणाला. “निकाह काजी लावतो. बाप नुसता रडायला असतो.” आणि तो तिथंच रडला.

मग तिघांनी आपापल्या देवाला हाक मारली. असं म्हणतात, त्या दिवशी खाडी ओहोटी विसरली. पाणी बोटभरही उतरेना. हे काहीतरी भलतंच आहे, म्हणत शिपाई पळाले. साधू काठावर उतरला आणि पाणी घोंघावत समुद्राकडे गेलं. कुणाच्या देवानं ऐकलं, यावर आगरखेड्यात अजून भांडणं होतात.

निकाह मात्र बापाविना लागून गेला होता. गोमा दाऊदच्या पोरीसमोर खाली मान घालून उभा राहिला.

ती म्हणाली, “चाचा, या घरातलं लग्न पुन्हा तुमच्याविना लागणार नाही.”

साधूमागून आलेल्या ख्रिस्ती लोकांनीही तीच रीत उचलली. आजही विणकरवाडीत काजी आणि ख्रिस्ती वाडीत पाद्री, दोघेही गोमाच्या घरचं माणूस येईपर्यंत लग्न लावत नाहीत. ते माणूस हमखास उशिरा येतं. जेवण निवतं, पोरं पेंगतात, पण कुणी कुरकुर करत नाही.