डेल्मरच्या वाट्याची लाकडं

"मग सोमवारी तुम्ही साक्ष देणार की नाही, बिशप?"

थेन ऑलरेडनं हे तिसऱ्यांदा विचारलं. म्हातारा हीबर थॉर्सन चर्चच्या कोठाराच्या आवारात लाकडांपाशी होता. तो वाकून ओंडके मोजत होता.

यूटा राज्याच्या कोळसापट्ट्यातलं हे सीडर बेंड गाव. वस्ती बहुतेक मॉर्मन. त्यांच्यात बिशप म्हणजे पगारी धर्मगुरू नव्हे. गावातलाच कुणी शेतकरी, कुणी मास्तर काही वर्षं मंडळी सांभाळतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. हीबरची बिशपकी सरून तीस वर्षं होऊन गेली होती, पण लोकांच्या तोंडी तो बिशपच राहिला. आता तो चर्चचं कोठार बघायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळी उपास करत आणि त्या दिवशी वाचलेलं अन्न दान म्हणून देत. ज्याच्या घरात अडचण असेल त्याला या कोठारातून पीठ, बटाटे, डबाबंद पीच मिळत.

थेन याच मंडळीत वाढला होता. आता तो आमदार होता. त्यानं विधेयक आणलं होतं... महिन्याला ऐंशी तास काम केल्याचा पुरावा दिला नाही, तर सरकारी शिधा बंद. सोमवारी समितीपुढे सुनावणी होती आणि एक मत कमी पडत होतं. ते मत ज्याच्या हातात होतं तो हीबरच्या शब्दाबाहेरचा नव्हता.

"बिशप, हे विधेयक माझं नाही. तुमचंच आहे."

हीबरनं मान वर केली.

"मी चौदा वर्षांचा होतो. तुम्ही व्यासपीठावरून म्हणालात, हाताला काम दिल्याशिवाय कुणाच्या हातावर काही ठेवू नका. मी घरी जाऊन ते वहीत लिहून ठेवलं. मदत मागायला येईल त्याला तुम्ही आधी लाकडं फोडायला लावायचात. सगळ्या गावानं पाहिलंय. मी फक्त त्याचा कायदा केला."

"म्हणालो होतो खरं," हीबर म्हणाला.

"मग?"

हीबर पुन्हा ओंडके मोजायला लागला.

थेन चिडला. गेल्याच रविवारी मंडळीतल्या रूथ वॉकरनं प्रार्थनेनंतर भर सभागृहात त्याचा हात हातात घ्यायचं नाकारलं होतं. ती म्हणाली, उपास करून देवाला दाखवतोस आणि कायदा करून लोकांना उपाशी ठेवतोस. तेव्हापासून अर्धी मंडळी त्याच्याशी बोलत नव्हती. त्यात ज्याच्या शब्दासाठी एवढं ओढवून घेतलं, तो हा म्हातारा गप्प.

"रूथही आली होती ना तुमच्याकडे?"

"आली होती."

"तिला तुमची साक्ष माझ्याविरुद्ध हवी असेल."

"हो."

"काय सांगितलंत तिला?"

"तिनंही लाकडं फोडली," हीबर म्हणाला, आणि त्यानं कुऱ्हाडीचा दांडा थेनपुढे केला.

थेननं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग कोट काढून कुंपणावर टाकला.

"किती?"

"यातले बरेचसे. डेल्मर यॉर्कच्या वाट्याचे. दुपारी येईल तो."

डेल्मरला थेन ओळखत होता. वीस वर्षं खाणीत राबलेला माणूस. छातीत धूळ बसली आणि खाणवाल्यांनी घरी पाठवलं. पहिल्या जिन्यावरच दम लागतो म्हणतात.

"त्याच्या वाट्याचे मी का फोडायचे?"

"त्याला होत नाहीत."

"मग त्याला देताच का?"

हीबर भिंतीला टेकून बसला. "मला वाटलं, वहीत तेही लिहिलं असशील."

"काय?"

"म्हातारी माणसं, आजारी माणसं... त्यांची लाकडं कोण फोडायचं, ते."

थेननं ओंडक्यांकडे पाहिलं. ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"लोक यायचे पहाटे," हीबर म्हणाला. "मी त्यांच्याही आधी यायचो, कुऱ्हाड घेऊन."

थेननं ओंडका उभा केला आणि घाव घातला. कुऱ्हाड अर्ध्यात रुतली. दुसरा घाव, तिसरा... चिरफळ्या उडू लागल्या. बोलणं थांबलं नाही, उलट प्रत्येक घावाबरोबर जोर चढत गेला.

"मी हेच म्हणतोय, बिशप! हे तुम्ही केलंत. स्वतःच्या मर्जीनं केलंत. सरकारला हे जमतं का? देवानं माणसाला निवड दिलीय. कर उकळून केलेलं दान हे दान नव्हे. गरिबाला मंडळींनी सांभाळावं, शेजाऱ्यानं सांभाळावं!"

"सांभाळतोस?"

"काय?"

"काही नाही. फोड."

तासाभरात थेनच्या तळहाताला फोड आले, फुटलेही. पण त्यानं हार मानली नाही. ओंडका ओंडका करत त्यानं सगळा ढीग संपवला, ढलप्या झाडल्या, लाकडं भिंतीशी नीट रचली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला चांगलं वाटत होतं.

हीबर रचलेल्या लाकडांकडे बघत राहिला.

"सगळे फोडलेस?"

"सगळे."

"हं..."

तेवढ्यात एक जुनी पिकअप गाडी खडखडत आवारात शिरली. डेल्मर उतरला, दाराला धरून थोडा थांबला, श्वास जुळवला. हातमोजे चढवत तो पुढे आला. मग थबकला.

"माझी लाकडं कुठायत?"

"झाली ती," थेन हसून म्हणाला. "मी फोडली. तुम्ही त्रास नका घेऊ, ब्रदर यॉर्क. तुमची शिध्याची खोकी तयार आहेत, चला, मी गाडीत ठेवतो."

डेल्मरनं रचलेल्या ढिगाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. दर शनिवारी तिथं दोन-तीन ओंडके उरलेले असत. बाकीचे कुणी फोडले हे तो विचारत नसे. त्याच्यापुरते असत ते.

आज एकही नव्हता.

त्यानं हातमोजे काढले.

"असू द्या मग," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी बघू."

"अहो, पण खोकी?"

"मी काही केलेलं नाही."

"म्हणून काय झालं? तुमची तब्येत..."

"तुमचंच म्हणणं आहे ना, आमदारसाहेब? रेडिओवर ऐकलं मी. काम नाही तर शिधा नाही." आवाज चढला नव्हता. चढवायला तेवढा दमच नव्हता. "बरोबर बोलत होतात. मलाही तसंच वाटतं."

तो गाडीकडे वळला.

थेननं हीबरकडे पाहिलं. म्हातारा आपल्या बुटांकडे बघत होता. त्याचा चेहरा पडला होता, पण तो हलला नाही.

"बिशप, सांगा ना त्यांना!"



थेन धावत गाडीच्या पुढे गेला. वाट अडवून उभा राहिला. डेल्मरच्या घरी दोन मुली आहेत, बायको धाकटीच्या बाळंतपणात गेली, हे त्याला ठाऊक होतं. ही खोकी गेली नाहीत, तर आठवडा कसा निघेल हेही आता कळत होतं. सांगण्यासारखं खूप होतं. विधिमंडळात तो तासभर कागदाशिवाय बोलत असे. इथं एक वाक्य सापडेना.

"घ्या..." तो शेवटी म्हणाला. "ब्रदर यॉर्क, कृपा करा. माझं चुकलं. घ्या ना."

त्यानं नकळत दोन्ही हात पुढे केले होते.

डेल्मर त्या हातांकडे बघत राहिला. कातडी निघालेली, रक्ताळलेली.

"दांडा आवळून धरलात," तो म्हणाला.

"हो."

"आणि धार बघितली नाहीत आधी."

"...नाही."

डेल्मरनं हातमोजे खिशात कोंबले. मग चालत रचलेल्या लाकडांपाशी गेला, कुऱ्हाड उचलली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"कानस आहे का, बिशप?"

हीबरनं खिशातून कानस काढून दिली.

डेल्मर खाली बसला. कुऱ्हाड मांडीवर घेऊन तो धार लावू लागला. मधेच खोकल्याची उबळ यायची, हात थांबायचा. उबळ ओसरली की कानस पुन्हा चालायची. कुणी मदतीला गेलं नाही. थेन जायला निघाला होता, पण हीबरनं त्याची बाही धरून ठेवली.

बराच वेळ गेला. शेवटी डेल्मरनं पातं उन्हात धरून पाहिलं आणि कुऱ्हाड थेनच्या हाती दिली.

"आता चालेल. आणि पुन्हा माझ्या लाकडांना हात लावाल, तर सगळ्यांना लावू नका."

"नाही लावणार."

खोकी त्यानं स्वतःच उचलली. एकेक करत, चार फेऱ्यांत. मग टोपीला हात लावून गाडी सुरू केली आणि निघून गेला.

आवारात धूळ तरंगत राहिली.

थेन पायरीवर बसला. हाताची आग होत होती.

"बिशप, कायद्यानं त्याला फुकट दिलं तर तो घेणार नाही. माझ्या विधेयकानं त्याला मिळणारच नाही. चर्चनं द्यायचं म्हटलं तर... आज मी एकट्यानं किती वाट लावली, पाहिलंत तुम्ही." त्यानं मान वर केली. "मी काय करू? सोमवारी कसं मत देऊ?"

हीबर रस्त्याकडे बघत होता.

"त्याची गाडी जुनी आहे," तो म्हणाला. "चढावर हळू जाते. पळालास तर गाठून त्यालाच विचारता येईल."