पान हललं की झाड सोडायचं

शहरात टांगे फिरायचे तेव्हाची गोष्ट. मंडईमागच्या पिंपळावर चाळीस म्हाताऱ्या कावळ्यांची पंचायत रोज भरायची. गोंगाट फार वाढला म्हणून त्यांनी नियम केला: ज्याच्या आवाजाने पान हलेल, त्याने झाड सोडायचं. पिंपळाचं पान तर कुणी काही बोललं नाही तरी हलतं. जन्म त्याच झाडावर काढूनही म्हाताऱ्यांना हे कधी दिसलं नव्हतं.

पहिली सापडली शिंजीर. अंगठ्याएवढी पाखरीण, घरट्यात दोन पिलं.

“तुझी पिलं किंचाळली आणि पान हललं,” म्होरक्या दादबा कावळा म्हणाला. “आजच झाड सोड.”

“आजोबा, त्यांना उडायला अजून आठ दिवस आहेत. खाली पडून मरतील ती.”

“आमच्या वेळी पिलं ओरडत नव्हती!”

शिंजिरीने पिलांना किडे भरवले. पिलं चिडीचूप झाली. पान हलतच होतं.

“आता कोण ओरडतंय, आजोबा?”

“उलट बोलतेस?” चाळीसही कावळे एकदम कोकलले. पानाचं सोडा, अख्खी फांदी हलली.

खारी, पोपट, सगळे दादबाकडे बघायला लागले.

“अरे, नियम तुमच्यासाठी केलाय!” दादबा म्हणाला.

“झाड सगळ्यांचं आहे,” खार म्हणाली. “चला, उठा.”

तेव्हापासून पंचायत मंडईच्या पत्र्यावर बसते. उन्हात पाय पोळतात, म्हणून दिवसभराची सभा दोन वाक्यांत आटपते.

आठ दिवसांनी पिलं ओरडत ओरडत त्याच पत्र्यावरून उडाली. सभा केव्हाच आटपली होती; हरकत घ्यायला तिथे कुणीच नव्हतं.